शितावरून भाताची परीक्षा

(मंडळाच्या वर्धापनदिनी भगिनींच्या सभेत केलेले भाषण)



दर वर्षी या दिवशी मी आत चहाच्या पातेल्यापाशी असते. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, "चहा दुसरे कोणी बघेल, तुम्ही चार शब्द बोला." मी सातवी शिकलेली बाई. तोंडाने बोलायला लागले की सगळे विसरते, म्हणून कागदावर लिहून आणले आहे. शुद्धलेखन मुलीने तपासले आहे. विषय डॉक्टरी आहे, तेव्हा "हिला काय कळते यातले?" असे कोणाच्या मनात आले तर त्यात चूक नाही. परंतु हा विषय मी पुस्तकातून आणलेला नाही. तो माझ्या घरात दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा आला तेव्हा मी अडाणीच राहिले. दुसऱ्यांदा आला तेव्हा थोडे शिकले. तेवढेच आपल्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट माझ्या आईची. माझे माहेर पाटणच्या वरच्या अंगाला, डोंगरात. आईने विडीला कधी हात लावला नाही, पण चुलीपुढे तिचा जन्म गेला. पावसाळ्यात ओली लाकडे, घरभर धूर, नि फुंकणी तोंडाला. २०१० साली तिला खोकला लागला. छातीचा फोटो काढला, त्यात वरच्या बाजूला एक डाग दिसला. थुंकी तपासली, तीत जंतू सापडले नाहीत. तरीपण "टीबीच असणार" असे ठरले आणि औषध सुरू झाले. कोणी ठरवले, कुठे ठरवले, ते मी सांगणार नाही. आता त्याचा उपयोग नाही. सात महिने मी तिला रोज सकाळी गोळ्या दिल्या. ती म्हणायची, "पोरी, या गोळ्यांनी माझे पोट जळते, गुण तर काहीच नाही." मी म्हणायची, "आई, कोर्स अर्धा सोडायचा नसतो." पुढे दुसऱ्या ठिकाणी नेले, तिथे दुर्बीण घालून तुकडा काढला, तेव्हा कळले की तो कॅन्सर होता आणि पसरला होता. २०११ च्या श्रावणात ती गेली. आधी तुकडा घेतला असता तर ती वाचलीच असती, असे मी म्हणत नाही. पण ज्या आजाराचे औषध मी तिला हट्टाने गिळायला लावले, तो आजार तिला नव्हताच. हे शल्य माझ्या मनातून जात नाही.

दुसरी गोष्ट माझ्या थोरल्या जाऊबाईंची, म्हणजे आपल्या अक्कांची. त्या आज इथे तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत आणि त्यांच्या परवानगीनेच मी हे सांगत आहे.

२०२४ च्या दिवाळीत अक्का न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. बरगडी दुखावली म्हणून छातीचा सीटी स्कॅन केला. बरगडी धड होती, पण उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात १४ मिलिमीटरची एक गाठ दिसली. म्हणजे भिजवलेल्या काबुली हरभऱ्याएवढी. खोकला नाही, ताप नाही, काही नाही. पडल्या नसत्या तर कळलेही नसते.

एका डॉक्टरांनी सांगितले, "वय बासष्ट आहे, गाठ कॅन्सरची वाटते, ऑपरेशन करून काढूनच टाका." दुसरे म्हणाले, "आपल्याकडे अशा गाठी बहुधा टीबीच्या निघतात, सहा महिने औषध देऊन पाहू." ते वाक्य ऐकले आणि माझ्या अंगावर काटा आला. मग पेट स्कॅन झाला. त्यात साखरेसारखे औषध शिरेतून देतात, आणि जिथे पेशींची धावपळ जास्त, तिथे ते उजळून दिसते. अक्कांची गाठ उजळली. घरात रडारड झाली. पण डॉक्टरांनीच सांगितले की टीबीची गाठसुद्धा तशीच उजळते. म्हणजे एवढा खर्च करून आम्ही होतो तिथेच.

आणि भगिनींनो, त्याच दिवसांत संक्रांत आली. अक्कांच्या हातच्या तिळाच्या वड्या आपल्या आळीत नावाजलेल्या. त्या वर्षी हळदीकुंकवाला बायका आल्या, वाण घेतले, गोड बोलल्या, पण वडी कोणी तोंडात घातली नाही. कोणी पदराला बांधली, कोणी उंबऱ्यावरच विसरली. कोणी कॅन्सर म्हणत होते, कोणी टीबी, आणि दोन्ही नावे ऐकून हात मागे येत होते. मी आपल्याला बोल लावायला हे सांगत नाही. मी स्वतः त्या महिन्यात अक्कांची कपबशी वेगळी घासत होते, आणि त्यांना दिसू नये म्हणून त्या झोपल्यावर घासत होते. त्यांना ते दिसले होते. त्या काही बोलल्या नाहीत.

आता गाठ म्हणजे काय ते सांगते. फुप्फुसात तीन सेंटिमीटरपर्यंतचा गोल डाग दिसला तर डॉक्टर त्याला लहान गाठ म्हणतात. हल्ली स्कॅन जास्त होतात, म्हणून अशा गाठी फार जणांत दिसतात, आणि त्यांतल्या बहुतेक साध्या असतात. जुन्या टीबीचा वण असतो, कुठल्या तरी जंतूची खूण असते. सहा मिलिमीटरहून लहान असेल आणि माणसाला विशेष धोका नसेल, तर पुष्कळदा काहीच करावे लागत नाही. त्याहून थोडी मोठी असेल तर काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन करून ती वाढते का ते पाहतात. आठ मिलिमीटरच्या पुढे गेली की जास्त विचार करावा लागतो. तेव्हा अहवालात 'गाठ' हा शब्द दिसला की लगेच देव पाण्यात घालून बसू नये, आणि तो कागद ट्रंकेच्या तळाशी लपवूनही ठेवू नये.

पण मोठ्या गाठीचे नाव ठरवायचे कसे? आपण बायका भात शिजला की नाही हे कसे पाहतो? झाकणाकडे बघून नाही. एक शीत काढून बोटाने दाबतो. फोटो, स्कॅन, पेट हे सगळे झाकण. तुकडा हे शीत. अडचण अशी की हे पातेले छातीच्या पिंजऱ्यात बंद आहे आणि ते दर श्वासाला हलते.

शीत काढायचे दोन रस्ते आहेत. एक बाहेरून, म्हणजे स्कॅनमध्ये बघत बघत छातीतून सुई घालायची. गाठ कडेला असेल तर हा रस्ता जवळचा. पण फुप्फुस म्हणजे हवेची पिशवी. तिला भोक पडले तर हवा गळून फुप्फुस आक्रसते, आणि कधी कधी छातीत नळी घालून ती हवा काढावी लागते. अक्कांची गाठ खोल होती, शेजारून रक्तवाहिनी गेलेली. शिवाय चुलीच्या धुराने त्यांची फुप्फुसे जागोजागी विरलेली होती. डॉक्टर म्हणाले, "बाहेरून सुई घालायला मन धजत नाही."

दुसरा रस्ता आतून, घशातून. झाड उलटे टांगले तर जसे दिसेल तशी आपली श्वासाची नळी असते. एका खोडाच्या दोन फांद्या, त्यांच्या पुन्हा फांद्या, अशा वीस-बावीस वेळा फुटत फुटत त्या केसासारख्या बारीक होतात. जर्मनीत गुस्ताव्ह किलियन नावाच्या डॉक्टरांनी १८९७ साली एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेत अडकलेले हाड सरळ, कडक नळी घालून काढले, तिथून ही विद्या सुरू झाली. जपानच्या शिगेतो इकेडा यांनी १९६६ साली वाकणारी दुर्बीण आणली. पण ती दुर्बीण पाच-सहा मिलिमीटर जाड. चार-पाच फांट्यांपर्यंत जाते, पुढे वाट अरुंद. अक्कांचा हरभरा त्याच्याही पुढे, डहाळीच्या टोकाला.

माझा पुतण्या एका मोठ्या शहरात नोकरीला आहे. त्याने चौकशी करून फोन केला, "काकू, इथे रोबोटची दुर्बीण आहे. आईला घेऊन या." गावाचे आणि रुग्णालयाचे नाव मी सांगत नाही, नाहीतर भाषणाची जाहिरात व्हायची. आपल्या देशात ही यंत्रे मोठ्या शहरांतल्या मोजक्याच रुग्णालयांत आहेत. अमेरिकेत 'मोनार्क' नावाच्या यंत्राला २०१८ साली आणि 'आयन' नावाच्या यंत्राला २०१९ साली सरकारी परवानगी मिळाली. खर्च साध्या दुर्बिणीपेक्षा बराच जास्त येतो. आमच्या घरातल्या दोन पाटल्या त्यासाठी गहाण पडल्या, हेही लपवत नाही.

रोबोट म्हटल्यावर अक्का आणि मी दोघी घाबरलो होतो. आम्हाला वाटले, पत्र्याचा माणूस हातात सुई घेऊन उभा असेल. अक्का तिथल्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "बाई, माणसाच्या हाताने होत नाही का?" त्या हसल्या नाहीत. त्यांनी अक्कांचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "मावशी, हात माझाच असतो. यंत्र स्वतःच्या मनाने काही करत नाही." मग त्यांनी आम्हाला यंत्र दाखवले. एक गाडा, त्याला एक हात, आणि त्या हाताला लावलेली नळी. नळी साडेतीन मिलिमीटरची, म्हणजे परकराच्या नाडीएवढी. डॉक्टर जवळच उभे राहून एक गोळा आणि एक चाक बोटाने फिरवतात. गोळ्याने नळीचे टोक वळते, चाकाने ती पुढे-मागे सरकते. माणसाचा हात थकतो, थोडा थरथरतो. यंत्राचा हात जिथे थांबवला तिथेच थांबून राहतो. यंत्राचा मोठा गुण हाच.

आदल्या दिवशी बारीक कापांचा नवा स्कॅन काढला. त्यावरून यंत्राने अक्कांच्या श्वासनळ्यांचा नकाशा तयार केला आणि गाठीपर्यंतची वाट रंगवून दाखवली. नळीच्या अंगात एक काचेचा धागा असतो. नळी कुठे किती वाकली आहे, हे तो सेकंदाला शेकडो वेळा सांगत राहतो. याची गरज काय, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "नळीच्या आतला पोकळ मार्ग दोन मिलिमीटरचा, आणि तो एकच. सुई घालायची तर आतला कॅमेरा बाहेर काढावा लागतो. तेव्हा डोळे मिटल्यावरही नळी कुठे आहे ते कळायला हवे." अंधारात देवघरातली काडेपेटी हाताला बरोबर लागते ना, तसेच ते आहे, असे मला वाटले.

तरी नकाशा म्हणजे गाव नव्हे. स्कॅन काढताना आपण श्वास भरून धरतो. भूल दिल्यावर फुप्फुस थोडे बसते आणि गाठ नकाशातल्या जागेवरून सरकते. म्हणून तिथे पोहोचल्यावर बारीक सोनोग्राफीने किंवा फिरत्या क्ष-किरणांनी गाठ खरेच समोर आहे का हे पुन्हा बघतात. रोबोटवर विसंबून कोणी सुई मारत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अक्कांची तपासणी झाली. रात्रीपासून उपास. रक्त पातळ करण्याची गोळी कोणी घेत असेल तर ती डॉक्टरांना विचारून आधी बंद करावी लागते. पूर्ण भूल दिली. मी बाहेर बाकावर बसून होते. सव्वा तास लागला. तो सव्वा तास मी रामरक्षा म्हणत होते आणि सारखी मधेच चुकत होते. बाहेर आल्यावर अक्कांचा घसा बसला होता, थुंकीत रक्ताची एक-दोन रेघ आली. हवा गळली नाही ना, हे पाहायला छातीचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी आम्ही पुतण्याच्या घरी पिठले-भात खात होतो.

आता जे सांगते ते नीट ऐका, कारण मला स्वतःला ते कोणी आधी सांगितले नव्हते. काढलेले तुकडे दोन बाटल्यांत जातात. एकीत फॉर्मलीन असते. त्यातला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघून कॅन्सर आहे की नाही ते ठरवतात. पण फॉर्मलीनमध्ये जंतू मरतात. म्हणून टीबीच्या तपासणीसाठी दुसरा तुकडा सलाइनमध्ये, म्हणजे मिठाच्या पाण्यात, वेगळा द्यावा लागतो. त्यातून जंतू वाढवून पाहायला सहा-सात आठवडे लागू शकतात, पण जंतूचा अंश ओळखणारी झटपट चाचणी लवकर कळते. तुमच्या घरात कोणाचा तुकडा काढायचा असेल, तर एवढे विचाराच: "डॉक्टरसाहेब, एक तुकडा सलाइनमध्ये पाठवणार ना?"

अहवाल आला. अक्कांना कॅन्सर नव्हता. टीबी होता. झटपट चाचणीत जंतू सापडला आणि मुख्य औषध त्याला लागू पडते हेही कळले. दोन आजार, दोन बायका. आईला टीबी म्हटले, तो कॅन्सर निघाला. अक्कांना कॅन्सर म्हटले, तो टीबी निघाला. अंदाजाने ऑपरेशन केले असते तर फुप्फुसाचा तुकडा उगाच गेला असता. साप साप म्हणून भुई धोपटण्यातलाच प्रकार.

औषध सरकारी दवाखान्यातून फुकट मिळाले. पोषणासाठी सरकार टीबीच्या रुग्णाच्या खात्यात महिन्याला रुपये देते. पूर्वी ते ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. गोळ्यांनी लघवी नारिंगी होते, त्याला अक्का पहिल्या दिवशी फार भ्याल्या. कोणी घेत असेल तर घाबरू नका, तो औषधाचाच रंग. ऑगस्टमध्ये औषध संपले. नव्या स्कॅनमध्ये हरभऱ्याच्या जागी नुसता वण राहिला आहे. पाटल्याही परवा सोडवून आणल्या.

पण रोबोटची आरतीही मी ओवाळणार नाही. २०२५ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पुतण्याने तो मला वाचून समजावला. दहा ते तीस मिलिमीटरच्या गाठी होत्या. काहींचा तुकडा छातीतून सुई घालून घेतला, काहींचा घशातून नकाशाच्या आधाराने. तिथली दुर्बीण रोबोटची नव्हती, पण वाट शोधण्याची रीत अशीच. सुईवाल्यांत शंभरात अठ्ठावीस जणांच्या छातीत हवा गळली, घशातून गेलेल्यांत शंभरात तीन जणांच्या. बरोबर उत्तर मात्र सुईने शंभरात चौऱ्याहत्तर जणांना मिळाले, आणि घशातून एकोणऐंशी जणांना. म्हणजे धोका पुष्कळ कमी, पण शंभरातल्या वीस-एक जणांना घशातूनही नीट उत्तर मिळाले नाही. म्हणून अहवालात 'काही सापडले नाही' असे आले तर पेढे वाटू नयेत. शीत कच्चे लागले की आपण दुसरे काढून बघतो. तसेच डॉक्टरांना विचारावे की आता पुढे काय, पुन्हा तुकडा की ठरलेल्या दिवशी पुन्हा स्कॅन.

आणि सुई लावली की गाठ चिडते, पसरते, हे आपल्यात फार बोलले जाते. मीही बोलत असे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की ती भीती क्वचितच खरी होते, पण त्या भीतीने घालवलेले महिने मात्र खरोखर नडतात. रोबोट सगळ्यांना मिळणार नाही, आणि सगळ्यांना लागतही नाही. कोणाचे साध्या दुर्बिणीने भागते, कोणाचे सुईने, कोणाचे नुसत्या थुंकीच्या तपासणीने. रस्ता कोणताही असो, पुरावा मागितला पाहिजे. दोन आठवड्यांवर खोकला राहिला, थुंकीत रक्त दिसले, वजन उतरू लागले, तर "मी विडी ओढत नाही, मला काय होणार" असे म्हणू नका. माझ्या आईनेही ओढली नव्हती.

शेवटचे सांगते आणि बसते. कपबशी वेगळी ठेवल्याने टीबी थांबत नाही, कारण तो भांड्यातून लागत नाही, हवेतून लागतो. अक्कांच्या थुंकीत तर जंतू नव्हतेच. मी रात्री चोरून घासलेल्या त्या कपबशीने आजार अडला नाही, अक्कांचे मन मात्र दुखावले. मी त्यांची घरात माफी मागितली आहे. आज सभेत पुन्हा मागते.

अक्कांनी आज पहाटे उठून तिळाच्या वड्या केल्या आहेत. संक्रांत नाही, पण त्या म्हणाल्या, मागचे राहिले आहे. डबा चहाच्या टेबलावर आहे. मी पहिली वडी खाल्ली आहे. दुसरी कोण खाणार, ते बघायला मी दारापाशी उभी राहते.